आला की वाढू

माझ्या पोरीच्या साक्षगंधाला दिगंबरभाऊनं पंगतीतली वाढलेली ताटं उचलली. पाहुणे अजून हात धूत होते आणि हा बाबा मांडवात ओरडत होता, "मानूस बसला नाही अन् ताट काऊन वाढलं बे? आला की वाढू!" व्याही माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. असा संताप आला की त्याला तिथंच धरून बदडावं.

भाऊ माझा शेजारी. चिखलीत त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. जीव मात्र सगळा घरातल्या एका पिवळ्या पडलेल्या डब्यात. हा जुना कॉम्प्युटर त्याच्या पोराचा, शुभमचा, शाळेतला. दोन वर्षांपूर्वी त्यावरून बापलेकांचं कडाक्याचं भांडण झालं. "त्या भंगारावर नवी सिस्टीम चालली की मले बोलवा!" म्हणून पोरगा पुण्याला गेला, तो गेलाच. ते बोलणं भाऊनं खरं धरलं.

पण नवी सिस्टीम त्या डब्याच्या एवढ्याशा मेमरीत मावेना. भाऊनं त्या सिस्टीमचा आतला कोड उघडला आणि भडकलाच. आवाजाचं कार्ड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, सुरुवातीलाच आठ कार्डांची जागा अडवून बसलेला. कार्ड तर एकच! "जेवनारा एक अन् लेकाच्यानं आठ ताटं वाढली!" मग त्यानं असे एकेक ड्रायव्हर दुरुस्त केले. कार्ड दिसलं तरच जागा मागायची. ही दुरुस्ती त्यानं तो कोड सांभाळणाऱ्या परदेशातल्या माणसाला पाठवली. त्यानं उलट विचारलं, ऐन वेळी जागा मिळाली नाही तर? भाऊ आठवडाभर गल्लीत शिव्या देत फिरला. "मिळत कशी नाही बे? मांगितली की मिळते!"

साक्षगंधाच्या दुसऱ्या दिवशी मी भांडायलाच त्याच्या घरी गेलो. पाहतो तर डबा चालू! सकाळीच नवी सिस्टीम त्यात बसली होती, स्पीकर खरखरत होता. भाऊ एकटाच जेवायला बसलेला. समोर दुसरं ताट, भाकर आणि वांग्याची भाजी वाढलेलं.

"हे कोनाचं?"

"शुभमचं."

"येतो म्हने?"

"फोन नाही उचलला त्यानं. मेसेज टाकला, चालू झालं म्हून."

कालचा राग उसळून आला. "मंग ताट काऊन वाढलं? आला की वाढू ना!" म्हणत मी ताटाला हात घातला.

भाऊनं माझं मनगट गच्च धरलं. "हात लावू नको बे त्याले!" तो ओरडला. मग ताट जागेवर सरकवत हळूच म्हणाला, "तो आला, अन् जागा नसली तं?"