चहाच्या पेटीचं आत्मवृत्त

बातमी आली तेव्हा उद्धव फ्रोझन पराठा तव्यावर उलटत होता. बुधवार होता, आणि सिंगापूरच्या चोआ चू कांगमधल्या त्यांच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये बुधवारी काही घडत नसे. तांजोंग पगारच्या ऑफिसने त्याला बुधवारी घरून काम करायची मुभा दिली होती, इराच्या इंटरनॅशनल शाळेचा तो ऑनलाइन दिवस असे, आणि शुभा सकाळीच युनिव्हर्सिटीतल्या आपल्या लॅबमध्ये गेलेली असे. थोडक्यात, घरात बाप आणि लेक, दोघंही आपापल्या स्क्रीनसमोर, आणि मध्ये पराठा.

फोन पुण्याहून होता. धाकट्या भावाचा, सुबोधचा.

"दादा, अण्णा गेले."

उद्धवने आधी गॅस बंद केला. वडील गेल्याचं कळल्यावर तू पहिल्यांदा काय केलंस, असं पुढे कुणी विचारलं असतं, तर त्याला हेच सांगावं लागलं असतं. सुदैवाने असं कुणी विचारत नाही.

"कधी?"

"पहाटे. झोपेतच. मी चहा घेऊन उठवायला गेलो तर…"

"मी रात्रीच्या विमानाने निघतो."

"ये. पण थांबणार नाही आम्ही. तुला माहितीय त्यांचं."

माहीत होतं. अण्णांनी, म्हणजे निशिकांत सरांनी, सारी हयात शाळेत इतिहास शिकवण्यात घालवली होती आणि स्वतःच्या शेवटाबद्दल त्यांनी एकच सूचना देऊन ठेवली होती: 'मला बर्फावर ठेवून कुणाची वाट बघू नका. मी काही बाजारातला पापलेट नव्हे.'

"दुपारी नेऊ," सुबोध म्हणाला. "निघायच्या आधी व्हिडिओ कॉल लावतो. तुमच्याकडे तीन वाजत आलेले असतील. तू, वहिनी, इरा, सगळे बसा समोर. दर्शन तरी घ्या."

परदेशात राहणाऱ्या माणसाला हे आता नवं नाही. बारसं, साखरपुडा, वास्तुशांत, सगळं फोनवर बघायची सवय झालेली असते. हेही त्यातलंच. उद्धवने फोन ठेवला आणि इराच्या बंद दाराकडे पाहिलं. याच ठिकाणी त्याने तो छोटासा निर्णय घेतला: इराला निबंध झाल्यावर सांगायचं.

आता या निबंधाबद्दल सांगायला हवं. इराच्या इतिहासाच्या बाईंनी मुलांना विषय दिले होते: रोमचं पतन, युरोपातली प्लेगची साथ, जेम्सटाउनमधली उपासमार, सेलममध्ये चेटकीण ठरवून फासावर दिलेल्या बायका, इंग्रजांच्या कराच्या निषेधात बोस्टनच्या बंदरात बुडवलेला चहा. (जगात कुठेही लोकांचे हाल झालेले असले, की दोनतीनशे वर्षांनी त्यावर हजार शब्द लिहायला देतात.) इराने चहा घेतला होता. निबंध दुपारी तीनपर्यंत शाळेच्या पोर्टलवर चढवायचा होता आणि त्याचे मार्क वर्षाच्या निकालात धरणार होते. पोरीला सकाळी सांगितलं तर ती दिवसभर रडणार, निबंध राहणार. काही तास उशिरा सांगितल्याने अण्णांचं काय बिघडणार होतं?

खरं कारण असं होतं, की सांगायचं कसं हे त्याला कळत नव्हतं. पण त्या कारणाला निबंधासारखी डेडलाइन नव्हती.

त्याने शुभाला फोन केला. बातमी ऐकताच तिने लॅबचे हातमोजे ओढून काढल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "इराला सांगितलंस?"

"निबंध झाला की सांगतो."

"कसला निबंध?"

"अमेरिकेचा."

"उद्धव, आजोबा गेलेत तिचे."

"तीच तर अडचण आहे ना."

"मी निघते. इथलं बंद करून यायला वेळ लागेल. तू आंघोळ कर. आणि देवापुढचा दिवा लावू नकोस."

"सकाळीच लावला."

"मग विझव."

"तो इलेक्ट्रिकचा आहे, शुभा."

"मग बटण बंद कर. सगळं मीच सांगायचं का?"

उद्धवने बटण बंद केलं, आंघोळ केली. बाहेर आला तर इरा पॅसेजमध्ये उभी. पंधरा वर्षांची, बापाइतकी उंच, हातात फोन.

"बाबा, परत आंघोळ?"

"उकडतंय."

(सिंगापुरात हे कारण बारा महिने चालतं.)

इरा त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आजोबांना कॉल करूया? निबंध वाचून दाखवायचाय."

ही त्यांची रीतच होती. इराचा प्रत्येक इतिहासाचा निबंध आधी पुण्याला जाई. अण्णा कधी उत्तर देत नसत, दुरुस्त्या करत नसत. सगळं ऐकून घेऊन एक प्रश्न विचारत आणि फोन ठेवून देत. मग इरा चिडून निम्मा निबंध पुन्हा लिही. या वेळी त्यांनी रविवारीच विचारलं होतं, "चहा फेकणाऱ्यांनी तिथल्या मोहॉक आदिवासींसारखा वेष केला होता म्हणतेस. मग खऱ्या मोहॉकांना कुणी विचारलं होतं का, की बाबांनो, तुमच्या नावावर हे करू का?" इरा तीन दिवस त्याच एका प्रश्नावर लिहीत होती.

"आजोबांचा फोन बिघडलाय," उद्धव म्हणाला.

"काकाच्या फोनवर करू."

"काका बँकेत गेलाय."

"ओके," इरा म्हणाली आणि आत गेली.

आपण हे चांगलं निभावलं असं उद्धवला वाटलं, तेवढ्यात टेबलावरचा त्याचा फोन थरथरायला लागला. नातेवाइकांच्या ग्रुपवर बातमी पोचली होती. हात जोडलेले, फुलं वाहिलेली, पणती तेवणारी चित्रं धडाधड येऊन पडत होती. एका मामेभावाने घाईत वाढदिवसाचा केक पाठवला आणि मग तो डिलीट केला. फोन कुठेही ठेवला तरी उजळत होता. इराने सहज नजर टाकली तरी संपलं. उद्धवने तो सोफ्याखाली ठेवून पाहिला, तांदळाच्या डब्यात ठेवून पाहिला (तिथे तो जास्तच घुमला) आणि शेवटी बॉम्ब शेल्टरमध्ये ठेवला.

हे बॉम्ब शेल्टर म्हणजे इथल्या घरातली एक खोली. जाड काँक्रीटच्या भिंती, पोलादी दार. युद्ध झालं तर जीव वाचवायला सरकारने बांधून दिलेली. युद्ध होईपर्यंत लोक तिच्यात सूटकेसी, लोणच्याच्या बरण्या आणि न वापरलेली व्यायामाची सायकल ठेवतात. उद्धवने फोन सायकलच्या सीटवर ठेवला आणि दार ओढून घेतलं. अडीचला काढू, असं ठरवलं.

जेवताना इराने पुन्हा विचारलं, "आता आजोबांना फोन लावूया?"

"आता झोपले असतील."

"पुण्यात साडेदहा वाजलेत. आजोबा पाचला उठतात."

"आज झोपलेत," उद्धव म्हणाला. हे काही अगदीच खोटं नव्हतं, आणि त्यामुळे ते म्हणताना त्याचा आवाज जरा बिघडला. इराने आपल्या ताटातला अर्धा पराठा उचलून त्याच्या ताटात ठेवला. तिला भूक नसेल असं त्याला वाटलं.

"मी बघू का निबंध?" तो म्हणाला. "मलाही येतो निबंध. शाळेत माझा पहिला नंबर असायचा."

"हिस्ट्रीत?"

"मराठीत."

"ओके, यू हेल्प. मी रूममध्ये आहे. क्लास आहे." आणि लॅपटॉप त्याच्यासमोर सरकवून ती निघाली. दारात थांबून म्हणाली, "बाबा, तुला काही सांगायचंय का?"

"काय सांगायचं?"

"नथिंग लाह," ती सिंगापुरी ढंगात म्हणाली आणि दार लावून घेतलं.

उद्धवने निबंध वाचला. त्याला तो फार रुक्ष वाटला. कोण म्हणतं काय, दुसरा त्यावर म्हणतो काय, तळटीपा, शंका, आणि शेवटी उत्तर नाहीच, उलट आणखी एक प्रश्न. ज्या माणसाने शालेय जीवनात फाटक्या छत्रीचं, बंद पडलेल्या घड्याळाचं आणि रस्त्यावरच्या दगडाचं मनोगत लिहून मार्क मिळवले, त्याला हे पाहवेना. निबंधात कुणीतरी बोललं पाहिजे. छत्री बोलायची, दगड बोलायचा; मग बोस्टनच्या समुद्रात पडलेली चहाची पेटी काय मुकी होती?

त्याने सगळं पुसलं आणि इंग्रजीत सुरुवात केली: 'मी एक चहाची पेटी. आसामच्या हिरव्यागार मळ्यांत माझा जन्म झाला.'

(त्या काळी आसामात चहाचे मळे नव्हतेच. बोस्टनला बुडाला तो चिनी चहा. हे इराच्या मूळ निबंधात पहिल्याच पानावर होतं, पण ते उद्धवने नुकतंच पुसलं होतं.)

मग मात्र त्याचा हात थांबेना. पेटी जहाजात चढली. मागे राहिलेला किनारा लहान होत गेला. परक्या बंदरात तिला उतरू देईनात, परत पाठवीनात. कुणी तिच्यावर कर लावला, कुणी कुऱ्हाड उगारली. तुला कुठे जायचं होतं, असं तिला कुणीच विचारलं नाही. 'ज्यांनी मला प्रेमाने भरलं ते हात आता कुठे असतील?' असं पेटीने विचारलं तेव्हा उद्धवला पुढची अक्षरं दिसेनाशी झाली. तो बाहीने डोळे पुसत टाइप करत राहिला. आपल्याला अजून इतकं चांगलं लिहिता येतं यानेच भरून आलं आहे, असं त्याला वाटलं. शेवटी पेटी काळ्या पाण्यात बुडाली आणि बुडता बुडता तिने स्वातंत्र्याचा संदेशही दिला.

सबमिटचं बटण त्याने स्वतःच दाबलं. खुर्चीत मागे रेलून घड्याळाकडे पाहिलं. तीनला एक मिनिट कमी होतं.

मग त्याला फोन आठवला.

बॉम्ब शेल्टरचं दार घाईने उघडत नाही; ते घाईत असलेल्या माणसांसाठीच केलेलं असूनही. त्याने फोन घेऊन बाहेर धाव घेतली. रेंज आली आणि सगळं एकदम आलं. त्याने सुबोधला लावला.

"अरे दादा," सुबोधचा आवाज थकलेला होता. मागे गाडीचं इंजिन सुरू होतं. "आत्ताच नेलं. किती लावला तुला. लोक उन्हात उभे होते, शेवटी धवलकाका म्हणाले, किती वेळ थांबायचं."

"लागत नव्हता?"

"नाही ना. वहिनींना लागला, टॅक्सीत होत्या. त्या ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली बिचाऱ्याने, टोपी काढून त्यानेही हात जोडले. चिनी म्हातारा होता कुणी. आणि इराला आमच्या वेदांतने लावला होता, तिचं तर अगदी नीट झालं. पोरगी धीराची आहे हो. रडली, पण धीराची आहे."

"इराला?"

"म्हणजे? तुझ्याजवळच होती ना ती?"

उद्धवने इराचं दार ढकललं. ती जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. नाक लाल झालं होतं.

"तुला कधी कळलं?"

"मॉर्निंगला. वेदांतने मेसेज केला. तू बाथरूममध्ये होतास."

"मग आजोबांना फोन लावूया असं का म्हणत होतीस?"

"तू सांगशील म्हणून." तिने नाक पुसलं. "किती चान्स दिले तुला, बाबा."

"मला हाक मारायची नाहीस? त्या वेळी?"

"आले होते. फोन घेऊन दारात उभी होते. यू वर टायपिंग सो फास्ट. आणि रडत होतास. मला वाटलं, तुला माहितीये आता कॉल आहे. यू कॅनॉट लुक, म्हणून लिहितोयस. सो आय डिडन्ट डिस्टर्ब."

"मी निबंध लिहीत होतो," उद्धव म्हणाला.

"माहितीये. मी वाचला आत्ता पोर्टलवर. द टी इज व्हेरी सॅड."

तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला. त्याने विचारलं, "रेकॉर्ड केलंस का?"

"वेदांतने विचारलं. मी म्हटलं, नो नीड. वेबिनार नाहीये तो."

"कसे दिसत होते?"

इराने विचार केला. "कुणीतरी चुकीचं उत्तर दिल्यासारखे," ती म्हणाली. "ऐकून घेतायत, असे."

त्या रात्री तिघं पुण्याला गेले. भेटायला येणारा प्रत्येक जण सतरंजीवर बसला की उसासा टाकून म्हणे, "शेवटी गाठ पडली नाही. पण फोनवर का होईना, दर्शन झालं ना?" आणि उद्धव मान हलवून म्हणे, "हो, ते झालं." शेजारी इरा असे. ती प्रत्येक वेळी त्याला पाण्याचा पेला पुढे करी.

तेराव्याच्या दिवशी, गोडाचं जेवण चाललेलं असताना, शाळेची मेल आली. शाळेच्या तपासणी यंत्रणेला इराच्या निबंधात माणसाने लिहिल्याची चिन्हं आढळली नव्हती. तो मशीनकडून लिहून घेतलेला दिसतो, भावना ठरावीक आहेत, आसामची माहितीही चूक आहे, तरी पुन्हा लिहून द्यावा, असं बाईंनी कळवलं होतं. इराने तो दोन दिवसांत लिहून दिला, तिचा स्वतःचा, मोहॉकांच्या प्रश्नासकट. वाचून मात्र कुणाला दाखवला नाही.

वडिलांना शेवटचं पाहायचं उद्धवचं राहून गेलं.