बरोबरी झाली तर बचाव

राक्षसालासुद्धा हेल्मेट घालायला लावणारा माणूस अख्ख्या अंबरनाथ पश्चिमेत एकच आहे. आमचे टिपणीसकाका.

काका जन्मभर कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. निवृत्तीनंतर लोक भजनाला लागतात, काका युद्धाला लागले. रविवारी दुपारी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर खडूने किल्ला आखला जातो. आम्ही खेळणारे एकेक योद्धा, म्हणजे एकेक बटण. राक्षस, दरोडेखोर आणि वादळवारा ही खाती काकांकडे. काय करायचं ते बोलून सांगायचं. ते जमलं का, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. आधी मारणाऱ्याने टाकायचा, मग मार खाणाऱ्याने. मोठा आकडा जिंकला. बरोबरी झाली तर बचाव जिंकला.

"मारणारा तयारीने येतो," काका म्हणतात. "वर बरोबरीही त्यालाच कशाला?"

मी पहिल्यांदा गेलो तो गंमत बघायला. काकांनी चष्मा पुसला, शांतपणे म्हणाले, "डावीकडून कुऱ्हाड येतेय," आणि मी खुर्चीत खाली वाकलो. माझ्यासारख्या पेन्शन घेणाऱ्या माणसाला हे शोभत नाही. पण बटणावर पडणारी कुऱ्हाड मला दिसली होती, त्याला काय करणार?

दोन नियम मात्र दगडावरचे. फासा सगळ्यांदेखत टेबलावर पडला पाहिजे, आणि आपला बचाव आपणच टाकायचा. उल्हासनगरचे कापडवाले लच्छूभाई दर वेळी घासाघीस करतात, "साईं, बचाव में थोडा डिस्काउंट द्या ना." काका ढिम्म.

आमच्यातली खरी लढवय्यी म्हणजे काकू. बुरुजावरची तिरंदाज, शिंपल्याचं पांढरं बटण. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायू झाला. वाचा गेली, डावा हात तेवढा चालतो. त्या आतल्या खोलीत पडून असतात. बटण मात्र बुरुजावरून हललेलं नाही.

बदलापूरहून येणारी प्रज्ञा बँकेत आहे; तिच्या नजरेतून काही सुटत नाही. एका रविवारी ती म्हणाली, "काका, तुमचे राक्षस बुरुजाला वळसा घालून का जातात?"

काकांचे कान लाल झाले. पक्षपात पकडला गेला होता. मग त्यांनी सगळ्यात मोठा राक्षस उचलला, बुरुजावर नेऊन ठेवला आणि फासा टाकला.

वीस.

काकूंची तिरंदाज आधीच घायाळ होती. हा वार लागला की बटण डब्यात. प्रज्ञाने मान खाली घातली.

"भाभीजींचा मी टाकतो," लच्छूभाई म्हणाले. या वेळी घासाघीस नव्हती.

"आपला बचाव आपणच," काका म्हणाले. फासा आणि एक स्टीलची ताटली घेऊन ते आत गेले आणि दार लोटून घेतलं.

ताटलीत फासा खडखडला. थोड्या वेळाने पुन्हा खडखडला. मग पुन्हा. पुढे पुढे तर लगेच लगेच. मध्येच काकूंचं हसू ऐकू आलं. शब्द गेले तरी ते तेच राहिलं होतं.

काका बाहेर आले. फासा मुठीत घट्ट होता.

"बरोबरी," ते म्हणाले.

फाशाफाशावरून भांडणारी प्रज्ञा डोळे पुसून म्हणाली, "मग आता पाळी कोणाची?"