तारेच्या दोन टोकांवरील तंट्याची हकीकत

श्रीगजानन तारेच्या उभय टोकांस समान कृपा करोत. शके एकोणीसशे चोवीस, चित्रभानु नाम संवत्सरे, कार्तिकमासी एका राज्यात जुना सर्व्हर आणि नवा स्विच यांचे बोलणे बिघडोन थोरामोठ्यांची मति गुंग जाहली, ते वर्तमान येणेप्रमाणे.

राज्यात गडावरील दालनी युनिक्स जातीचा एक जुना सर्व्हर होता आणि त्याचे पोटी गावोगावच्या शिवेचे नकाशे साठविले होते आणि त्याची किल्लेदारी विसाजीपंत गुळवे यांजकडे होती. पंत वयोवृद्ध, मितभाषी, आणि यंत्राचा पंखा जरा निराळा वाजला तरी भरल्या पानावरून उठणारे. गडाखाली पेठेत जाळ्याची चौकी होती. कोणाचा निरोप कोणत्या तारेने जावा हे तेथील स्विच ठरवीत असे आणि त्या चौकीचे नाईक हैबतराव शेडगे होते. त्या साली हैबतरावांनी जुना स्विच काढोन नवा बसविला आणि लागलीच चमत्कार सुरू जाहला. हुजुरातून "गडावर कोणी आहे काय?" ऐसा लहानसा निरोप धाडिला तर "आहे" म्हणोन उत्तर डोळ्याचे पाते लवते न लवते तो येई; परंतु नकाशा मागितला तर तो गोगलगाईच्या चालीने निघे, मध्येच अडे, पुन्हा निघे आणि अर्ध्या वाटेवर हातपाय गाळी. पंतांनी तार बदलिली, मग ती तार यंत्रात जेथे शिरते ते कार्ड काढोन, पुसोन, पुन्हा बसविले, मग नवे कार्ड घातले, आणि नकाशा होता तेथेच राहिला. इतक्यात दोन गावांचा एका झऱ्यावरून तंटा माजला आणि राज्याच्या स्वामिनी बाईसाहेबांनी उभयपक्षांस दरबारी बोलाविले आणि शिवेचा नकाशा भरल्या सभेत पडद्यावर दाखवावा ऐसा हुकूम जाहला. तेव्हा दिवाण नरसोपंत मायदेव गड चढोन आले आणि म्हणाले, "पंत, घोडे म्हातारे जाहले की पागेतून काढावे. हाक मारली की ओ देते, पण ओझे लादले की बसते, ते काय कामाचे? दरबारात नकाशा उमटला नाही तर हे यंत्र भंगारात जाईल आणि आपण घरी विश्रांती घ्यावी." पंत म्हणाले, "दिवाणजी, घोडा बसत नाही. वाटेत कोणी पाय धरतो." दिवाण म्हणाले, "कोण तो?"

मग पंत चौकीवर गेले आणि हैबतरावांस विचारिले, "नाईक, माझ्या तारेच्या टोकाशी आपण काय नेमून ठेविले आहे?" हैबतराव म्हणाले, "नेमलेलं काहीच नाही, पंत. नवा स्विच शहाणा आहे. समोरच्याला विचारतो, बाबा तू कसा बोलतोस, आणि त्याच्यासारखा आपोआप वागतो. तुमचं कार्ड काय म्हणतं?" पंत म्हणाले, "माझे कार्ड पूर्वीपासून पक्के बांधले आहे. शंभरचा वेग, आणि फुल डुप्लेक्स, म्हणजे बोलणे आणि ऐकणे एकाच वेळी. जुन्या स्विचास विचारपूस येत नसे, म्हणोन उभय टोकांस हुकूम लिहोन ठेवावा ऐसीच आमची रीत." हैबतरावांनी कपाळास हात लाविला आणि म्हणाले, "मग झालं! पक्कं बांधलेलं कार्ड विचारपुशीला ओ देत नाही. वेग तारेवरूनच कळतो, तो स्विचानं ओळखला. पण बोलायची रीत कळेना, म्हणून तो बिचारा जपून पाळीपाळीनं बोलतोय. तुमचा गडी मध्येच तोंड घालतो आणि माझा दचकून बोलणं टाकून देतो." लहान निरोपास टक्कर होण्यास अवकाश नाही आणि लांब नकाशास पावलोपावली टक्कर, हे उभयतांस तत्क्षणी उमगले. व्याधी सापडली, औषधही सापडले. दोहोंपैकी एकाने बदलावे इतकेच उरले होते, आणि तेथेच घोडे पेंड खाऊ लागले. पंत म्हणाले, "माझी तार स्विचात शिरते ते पोर्ट आपण पक्के करावे." हैबतराव म्हणाले, "तुम्ही पक्केपणा सोडा की! जग कुठे चाललंय!" पंत म्हणाले, "जग कोठेही जावो, माझा नकाशा हुजुरात जावा." हैबतराव म्हणाले, "एवढा ताठा कार्डात नाही, पंत, जेवढा तुमच्यात आहे." आणि पंत पागोटे सावरोन, निरोपाचा विडा न घेता, गड चढोन आले.

परंतु त्या राज्यात ऐसी चाल होती की भांडण समोरासमोर करावे आणि माघार एकांतात घ्यावी, जेणेकरोन कोणाचे नाक खाली होऊ नये. पंत दालनी बसले आणि विचार करू लागले की नाईक वयाने लहान, परंतु बोलतो ते खरे. झऱ्याकाठची माणसे काठ्या घेऊन उभी आहेत आणि येथे माझा ताठा कसला? ऐसे मनी आणोन कार्डाचा पक्का हुकूम काढिला आणि "आपोआप" ऐसे लिहिले आणि कोणास काही बोलले नाहीत. मग नकाशा धाडोन पाहिला तो पुन्हा अर्ध्यावर अडला. आता पंतांची बुद्धि चालेना. औषध दिले आणि रोग तसाच! त्याहून नवल हे की आजवर पंतांच्या बाजूस टकरींचा आकडा शून्य असे, तो आता झपाट्याने वाढत होता. पंतांनी यंत्रावर हात ठेविला आणि हळूच म्हणाले, "बाबा, दिवाणजी म्हणतात तेच खरे काय?" यंत्राने नेहमीसारखा पंखा फिरविला.

दरबाराचे दिवशी सकाळीच हैबतराव धापा टाकीत गडावर आले आणि उंबरठ्यावरच म्हणाले, "पंत, मला क्षमा करा. मी तुमचं ऐकलं, तरी नकाशा येत नाही." पंत म्हणाले, "माझे काय ऐकिले?" हैबतराव म्हणाले, "पोर्ट पक्कं केलं. शंभर, फुल. भांडून घरी गेलो आणि जेवण गोड लागेना, म्हणून परत येऊन केलं. म्हटलं, वडील माणूस आहे, कशाला बभ्रा करायचा." पंत म्हणाले, "नाईक, मीही आपले ऐकिले. पक्केपणा सोडिला. आता माझा विचारतो आणि आपला ओ देत नाही." आणि दोघेही मटकन खाली बसले आणि हसता हसता हैबतरावांस ठसका लागला आणि पंतांनी त्यांस पाणी दिले. पाणी पिताच हैबतराव म्हणाले, "थांबा, मी खाली जाऊन पुन्हा आपोआप करतो." पंत घाईने म्हणाले, "नको! मी आत्ताच पक्के करणार होतो!" आणि दोघेही भयचकित होवोन जागीच थबकले. मग पंत म्हणाले, "नाईक, आपण येथेच बसावे आणि हात मांडीवर ठेवावे. आपले आहे तैसे राहो. मी बदलतो, आणि आपण डोळ्यांनी पाहावे." मग हैबतराव मांडीवर हात ठेवोन बसले आणि पंतांनी कार्डास शंभर, फुल ऐसा हुकूम दिला, आणि यंत्र निजोन उठले की हुकूम विसरते म्हणोन उठण्याच्या फाईलीतही तो लिहोन ठेविला, आणि नकाशा धाडिला तो पूर आल्यासारखा गेला.

दरबारी शीव पडद्यावर उमटली आणि झरा नेमका शिवेवरच निघाला आणि बाईसाहेबांनी उभय गावांस पाणी वाटोन दिले. मग दिवाणांनी विचारिले, "दोष कोणाचा होता?" हैबतराव म्हणाले, "माझा." पंत म्हणाले, "प्रथम माझा, नंतर उभयतांचा." दिवाण म्हणाले, "प्रथम कोणीच ऐकिले नाही म्हणोन अडले, हे समजले. नंतर काय जाहले?" पंत म्हणाले, "नंतर दोघांनीही ऐकिले." दिवाणांनी पुनःपुन्हा विचारिले आणि पंतांनी पुनःपुन्हा तेच सांगितले, तरी दिवाणांस उमज पडेना. तेव्हा बाईसाहेब म्हणाल्या, "दिवाणजी, सोडा ते. यंत्र गडावर राहील आणि पंतही राहतील." आणि पंतांनी मुजरा केला तेव्हा त्यांचे डोळे भरोन आले होते, ते हैबतरावांनी पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले.

तात्पर्य, हट्टाने एक वेळ राज्य अडले आणि न सांगता दिलेल्या मानाने दुसरे वेळी अडले. माघार घ्यावी ती समोरच्यास सांगोन घ्यावी. हकीकत समाप्त.