प्लग मात्र उत्तम बसला

फुंग चुन-वा हा हाँगकाँगच्या एका विमा कंपनीत आगीचे दावे तपासायला होता. लोकांच्या जळक्या स्वयंपाकघरांतून नाकाला रुमाल लावून हिंडायचं आणि "निष्काळजीपणा!" असा शेरा मारून परतायचं, एवढं त्याचं काम. त्यामुळे मेव्हणीने तैवानहून वाफेचं विजेचं भांडं आणलं आणि त्याचा दोन पात्यांचा प्लग घरच्या तीन भोकांत जाईना, तेव्हा तो आनंदलाच.

"खालच्या दुकानात देऊ या का?" बायको सुक-यिनने विचारलं. "आई जेवायला येतेय. कोंबडी आजच शिजायला हवी."

"दुकानात? निम्म्या आगी असल्या दुकानांतूनच निघतात. मी बसवतो. शास्त्रशुद्ध."

त्याने बाजारातला सर्वांत महागडा प्लग आणला, फ्यूजवाला. मग ऐन ऑगस्टमध्ये सबंध घराची वीज बंद केली. नुसत्या भांड्यासाठी घराची वीज कशाला, हे विचारायची सोय नव्हती. तो तज्ज्ञ होता.

वायर कापली तर आत दोनच तारा, काळी आणि पांढरी. प्लगवरच्या खुणा तपकिरी आणि निळ्या रंगाच्या. चुन-वाने अंदाज केला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्याने मेव्हणीला फोन लावला, मेव्हणीने नवऱ्याला, नवऱ्याने कंपनीला. कुठली तार कुठे, हे कळेपर्यंत घामाघूम सासूबाई येऊन टेकल्या होत्या.

"काय करतोय हा?"

"प्लग बसवतोय, आई."

"अगं, एवढ्या वेळात माझं लग्न लागून पंगत उठली होती!"

चुन-वाने लक्ष दिलं नाही. एकही तार बाहेर डोकावू दिली नाही, स्क्रू आवळले, वायर पट्टीखाली दाबली, ओढून पाहिली. मग वीज चालू केली, भांड्यात पाणी आणि कोंबडी घातली आणि बटण दाबलं.

पाणी बघता बघता उकळलं. झाकण थाडथाड नाचू लागलं.

"बघा!" चुन-वा म्हणाला. "प्लग नीट असला की असं चालतं."

"जरा जास्तच नीट असेल," सासूबाई म्हणाल्या. तेवढ्यात भांड्याच्या बुडाखालून काळा धूर निघाला, 'फट्' असा आवाज झाला आणि सगळं शांत झालं.

सुक-यिनने प्लग काढला आणि भांडं गार झाल्यावर ते उलटं केलं. बुडावर चांगल्या ठसठशीत चिनी अक्षरांत लिहिलं होतं: ११० व्होल्ट. घरात वीज दोनशेवीसची.

"अहो, हे वाचलं नाही?"

"मी प्लगचं बघत होतो," चुन-वा पडेल आवाजात म्हणाला. मग एकदम सावरला. "पण बघ, फ्यूज वेळेवर उडाला! प्लगने आपलं काम चोख केलं."

त्या दिवशी सगळे खाली नूडल्स खायला गेले. सासूबाई जेवताना वाडग्यात कोंबडी शोधत राहिल्या. चुन-वाला भांडं जळाल्यापेक्षा तेच जास्त लागलं. निघताना मात्र त्या म्हणाल्या, "जावईबापू, रविवारी घरी या. माझ्या पंख्याचा प्लग सैल झालाय."

चुन-वा आठवडाभर ताठ मानेने वावरला. लग्नाला नऊ वर्षं झाली. पण कसली का होईना, सासूबाईंनी कदर पहिल्यांदाच केली होती.

रविवारी तो पेचकस घेऊन पोचला, तर दिवाणखान्यात शेजारच्या चार म्हाताऱ्या आपापली इस्त्री, किटली, हीटर मांडीवर घेऊन ओळीने बसलेल्या.

"हा माझा जावई," सासूबाईंनी ओळख करून दिली. "प्लग उत्तम बसवतो. पुढचं त्याला काही विचारू नका."