चष्मेवाल्यांच्या घरी भोंगा बसला त्याची हकीकत

राजमान्य राजेश्री वाचक, अखंडित दृष्टी अलंकृत, यांचे सेवेसी विनंती ऐसी जे, आपण वारंवार पुसता की चष्मेवाल्यांच्या घरी पहारेयंत्राची मोहीम कैसी जाहली, आणि भोंगा वाजला त्या दिवशी खासे धनी एका पायात बूट आणि एका पायात सपात घालून भर रस्त्यात का उभे होते. तर तो मजकूर जैसा घडला तैसा, पदरचे तिखटमीठ न लावता, लिहून सादर केला आहे. खुद्द धन्यांची आज्ञा ऐसी की ही हकीकत लिहावी आणि शेवटास ‘आमचा विजय’ ऐसे नमूद करावे. आज्ञा शिरसावंद्य. पुढे काय नमूद जाहले ते शेवटास कळेल.

प्रथम घराण्याचा मजकूर. चौकात दृष्टी तपासणीचे दुकान आहे, त्याचे हे दुसरे धनी. पहिले त्यांचे तीर्थरूप, थोरले चष्मेवाले, ते नऊ वर्षांमागे निवर्तले. घरात माणसे तीन: खासे धनी, त्यांच्या मातोश्री, ज्यांस सारी आळी आईसाहेब म्हणते, आणि धन्यांचे कुटुंब, ज्या छापखान्यात मुद्रिते तपासतात आणि ज्यांच्या नजरेतून ऱ्हस्वदीर्घाचा गुन्हेगार आजवर जिवंत सुटला नाही, म्हणोन त्यांस वेलांटीबाई ऐसा किताब आहे.

शेजारी बागवाले आजोबा म्हणून बुजुर्ग असामी आहेत. त्यांची दौलत म्हणजे एकवीस कुंड्या, एक रबरी नळी आणि नळीच्या टोकास एक पितळी तोटी. ती तोटी एके सकाळी गायब जाहली. आजोबांनी कुंपणावरून हाकाटी केली, आणि मग ती बातमी कर्णोपकर्णी निघाली, आणि दुपारपावेतो तोटीचा नळ जाहला, आणि चहाच्या वेळेस नळाचे चार नळ होऊन चोरांनी आजोबांचे न्हाणीघर उचलून नेले ऐसे चष्मेवाल्यांच्या कानी आले. धनी हवालदिल जाहले. त्यांनी तात्काळ जेवणाच्या मेजावर खलबत भरविले आणि फर्माविले की चोर शेजारापावेतो आला, आता आपला नंबर.

वेलांटीबाईंनी अर्ज केला, “अहो, पण आपल्याकडे चोरण्यासारखं आहे तरी काय?”

हा सवाल धन्यांच्या वर्मी लागला. त्यांनी उठोन घराची मोजदाद केली. लाथ मारल्यावाचून दार न लागणारा फ्रिज एक, ज्यात सारी माणसे हिरवी दिसतात ऐसा टीव्ही एक, आणि कपबशांचा संच, पैकी कप चार आणि बश्या सात. हा ऐवज पाहोन दुसरा कोणी निश्चिंत निजला असता. परंतु धन्यांस वाटले की ज्या घरास पहारा नाही त्या घराची इज्जत ती काय. मग भोंगेवाल्यांस बोलावणे गेले.

भोंगेवाले म्हणजे तारा, खिळे आणि शिडी यांचे मोठे सरदार. त्यांनी दोन दिवस मुक्काम करून दारावर आणि चारी खिडक्यांवर चौक्या बसविल्या, आणि दिवाणखान्याच्या कोपऱ्यात हालचाल टिपणारा डोळा लाविला, आणि छपराखाली भोंगा टांगला, आणि दाराशी आतल्या अंगास एक पेटी ठोकली, तीस एक बटण आणि दोन दिवे, लाल आणि हिरवा. ऐसा बंदोबस्त की झुरळासही परवान्यावाचून फिरणे मुश्कील. मग त्यांनी परवलीचा आकडा मागितला. येथे अडचण आली. धन्यांच्या ध्यानात आकडे राहत नाहीत. स्वतःच्या लग्नाचे साल ते कुटुंबाकडे पाहोन सांगतात. आईसाहेबांस पेटीवरील बारीक अक्षर दिसेना, चष्मेवाल्यांच्या घरात राहोन दिसेना, दिव्याखाली अंधार तो हाच. तेव्हा आकड्याऐवजी बोललेला शब्द ठेवावा ऐसे ठरले.

भोंगेवाल्यांनी समजाविले, “सोप्पंय साहेब. घर रिकामं सोडताना शेवटच्या माणसानं बटण दाबून म्हणायचं ‘जातो’. लाल दिवा, पहारा सुरू. परत आल्यावर बटण दाबून ‘येतो’. हिरवा दिवा, पहारा बंद. बायकांनी ‘जाते’, ‘येते’. मशीनला दोन्ही कळतं.”

सर्वांनी माना डोलाविल्या. मग सरदारांनी शिडी खांद्यास लाविली, आणि पायांत वहाणा सरकविल्या, आणि “बरं साहेब, येतो,” ऐसे म्हणोन निघोन गेले. वेलांटीबाई त्यासमयी छापखान्यात होत्या. त्या घरी असत्या तर ही मोहीम तेथेच आटोपती आणि आम्हांस लेखणी उचलणे न पडते.

आता आईसाहेबांचा शिरस्ता ऐका. नित्य दुपारी चार वाजता त्या वाचनालयासमोरील बाकावर जातात. तेथे विणकामवाल्या मावशी थर्मासात चहा घेऊन बसलेल्या असतात, आणि दोघी मिळून दीड तास जगाचा न्यायनिवाडा करितात. थोरले धनी गेले त्या वर्षापासोन हा शिरस्ता एक दिवस चुकला नाही. घर मागे रिकामे राहते. तेव्हा आईसाहेबांनी पहिल्याच दिवशी इमानेइतबारे बटण दाबिले आणि आजन्म म्हणत आल्या तेच म्हटले, “येते.” हिरवा दिवा लागला. हिरवा म्हणजे सारे क्षेम, हे सिग्नलवर उभे राहणारे पोरही जाणते. आईसाहेब समाधानाने बाकाकडे कूच करित्या जाहल्या. परतल्यावर त्यांनी बटण दाबोन “आले गं बाई,” म्हटले, पेटीने नुसते ‘टुक’ केले, आणि त्यांस वाटले की ओ दिली.

ऐसे अकरा दिवस गेले. दुकानात धन्यांच्या मोबाइलवर नित्य चारच्या सुमारास ‘टिंग’ ऐसा जासूद येई, आणि धनी गिऱ्हाइकांस सांगत की पाहा, आमचे घर आम्हांस अखबार पाठविते. अखबारात काय आहे हे त्यांनी वाचिले नाही, कारण जवळचे अक्षर त्यांस दिसत नाही, आणि चष्मा विकणाराने स्वतः चष्मा लावणे त्यांस कमीपणाचे वाटते. बाराव्या दिवशी आळीतील शिंपीकाका सुईत दोरा जाईना म्हणोन आले. धन्यांनी त्यांच्या नाकावर नवी भिंगे चढविली आणि परीक्षेकरिता आपलाच मोबाइल हाती दिला, की वाचा हे बारीक अक्षर.

शिंपीकाकांनी वाचिले, “पहारा बंद. चार वाजून दोन मिनिटे.”

“वा काका! एकदम स्पष्ट!” धनी वदले, आणि मग त्यांचे वदन हळूहळू पडले. त्यांनी वरचे वाचावयास सांगितले, आणि काकांनी वाचिले, आणि त्याच्या वरचे वाचिले, आणि एकूण बारा अखबार खणखणीत वाचोन दाखविले, आणि साऱ्यांत पहारा बंद. चोख बंदोबस्ताची ऐसी नामुष्की दुकानात चार गिऱ्हाइकांदेखत जाहली.

धनी तडक घरी आले आणि दरबार भरवोन आईसाहेबांस फर्मान सुनाविले की उद्यापासोन ‘जाते’ म्हणावे.

“मी येतेच म्हणते,” आईसाहेब म्हणाल्या. “आजवर तेच म्हटलं.”

“अगं, पण मशीनला वाटतं तू परत आलीस!”

“मग त्याला सांग, मी जाऊन येणार आहे म्हणून.”

“आई, एवढासा शब्द आहे. जाते म्हटलं की झालं!”

“तो मी म्हणणार नाही,” ऐसे बोलोन आईसाहेब आपल्या खोलीत गेल्या आणि दार लावोन घेतले.

याचे कारण लिहिणे प्राप्त आहे. नऊ वर्षांमागे एके सकाळी थोरल्या धन्यांच्या सदऱ्याचे बटण तुटलेले निघाले, आणि त्यावरून दोघांची किरकोळ बोलाचाली जाहली, आणि थोरले धनी पाठमोरे “जातो मी,” म्हणोन उंबरठा उतरले. रोज ‘येतो’ म्हणत, त्या दिवशी म्हटले नाही. दुकानात अक्षरांच्या तक्त्यासमोरील खुर्चीत बसले ते उठले नाहीत. आईसाहेबांच्या हाती सुईदोरा तसाच होता. हे धाकट्या धन्यांस माहीत नव्हते ऐसे नाही. माहीत होते, ध्यानात नव्हते, आणि माणसाची निम्मी पापे या फटीतूनच घडतात.

दुसऱ्या दिवशी आईसाहेब म्हणाल्या पाय दुखतात, बाहेर जाणे नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या आभाळ आले आहे. चौथ्या दिवशी कारण सांगितले नाही. चार वाजता चपला काढोन दाराशी मांडिल्या, थोडा वेळ पाहिले, आणि परत फडताळात ठेविल्या. मावशींचा निरोप आला की थर्मासात निम्मा चहा उरतो आणि भांडायला कोणी नाही. धन्यांनी मात्र मोबाइल पाहोन संतोष मानिला, की ‘पहारा बंद’ ऐसा अखबार आता एकही नाही. चोर बाहेर राहिला आणि आईसाहेब आत राहिल्या, यास धनी बंदोबस्त म्हणत होते. वेलांटीबाई हे सारे पाहत होत्या. त्या मुद्रित प्रथम पूर्ण वाचितात, मग लाल पेन उचलितात.

पाचवा दिवस सुटीचा होता. धन्यांनी ठरविले की आपण स्वतः शब्द उच्चारून दाखवावा म्हणजे आईची भीड चेपेल. ते बूट घालीत होते. एक चढला होता, दुसऱ्या पायात अजून सपात होती. तैसेच उठोन त्यांनी बटण दाबिले आणि मोठ्याने म्हणाले, “हे बघ आई, किती सोपं आहे. जातो!” आणि लाल दिवा लागला, आणि धन्यांनी बाहेर पडोन दार ओढोन घेतले.

आईसाहेब मेजाशी चष्मा पुशीत होत्या. तो शब्द, तोच आवाज बापासारखा, आणि तीच पाठ. त्यांनी चष्मा टाकिला आणि धावल्या. गुडघ्यांची दोन वर्षांची तक्रार त्या क्षणी कोठे गेली हे वैद्यास विचारावे. कोपऱ्यातील डोळ्याने हालचाल टिपली, आणि भोंग्याने ऐसा आक्रोश मांडिला की आळीतील साऱ्या खिडक्या उघडल्या. आईसाहेबांनी दार उघडोन रस्ता गाठिला आणि धन्यांची बाही मुठीत धरिली आणि ओरडल्या, “येतो म्हण! आधी येतो म्हण!”

धन्यांस भोंग्यापुढे काही ऐकू येईना. बागवाले आजोबा नळीसकट कुमकेस धावोन आले, आणि नळीच्या टोकास पितळी तोटी लखलखत होती. धन्यांनी तिकडे बोट केले.

“ही होय? ही दुसऱ्याच दिवशी सापडली!” आजोबा कानाशी ओरडले. “माझ्याच कोटाच्या खिशात होती. तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं!”

तेव्हा वेलांटीबाई दारात आल्या, पेटीचे बटण दाबोन धरिले आणि गरजल्या, “अहो, आई सांगतायत ते म्हणा ना! भोंग्यालाही तोच शब्द हवाय!”

धन्यांनी आईकडे पाहिले. दुकानात परक्याच्या डोळ्यांत पाहतात तैसे, प्रथमच, नीट पाहिले, आणि त्यांस नऊ वर्षांमागचे सारे आठवले. त्यांनी पुटपुटोन म्हटले, “येतो.” पेटीने ऐकिले नाही. मग उंबऱ्याशी येऊन बेंबीच्या देठापासोन ओरडले, “येतो गं आई, येतो!” आणि भोंगा थांबला.

आईसाहेबांनी बाही सोडिली, मुठीने पडलेल्या चुण्या हाताने सारख्या केल्या, आणि म्हणाल्या, “ये.”

मग तहाची वाटाघाट जाहली. भोंगेवाले सरदार पाचारण होऊन आले. वेलांटीबाईंनी लाल पेन उचलोन निवाडा दिला की, चूक वाचणाऱ्याची नाही, मजकुराची आहे. माणूस दुरुस्त करू नये, यंत्र करावे. सरदारांनी कपाळावर हात मारिला. “अहो वहिनी, मीसुद्धा रोज घरातून निघताना येतोच म्हणतो की!” त्यांनी ‘येतो’ ‘येते’ यांस पहारा सुरू करण्याची सनद दिली, ‘आलो’ ‘आले’ यांस बंद करण्याची, आणि ‘जातो’ हा शब्द पेटीतून हद्दपार केला. आणखी सांगितले की पेटी जवाबही देते, कोणाच्याही आवाजात भरता येतो. तेव्हा धन्यांनी सर्वांस बाहेर घालविले आणि पेटीपाशी एकटेच उभे राहिले. तीन वेळा घसा खाकरल्याचे दाराबाहेर ऐकू आले.

दुसऱ्या दिवशी चार वाजता आईसाहेबांनी चपला घातल्या, बटण दाबिले आणि म्हणाल्या, “येते.” लाल दिवा लागला. आणि रिकाम्या घरातून लेकाचा आवाज आला, “ये हं आई. सावकाश.” आईसाहेब उंबऱ्यावर थबकल्या. नऊ वर्षे त्या रोज रिकाम्या घरास ‘येते’ सांगत होत्या, आणि नऊ वर्षांत घराने आज प्रथमच उत्तर दिले. “हो रे,” त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसोन बाकाकडे गेल्या. मावशींनी त्या दिवशी थर्मास भरून आणिला होता.

एक खोड राहिली ती लिहितो. पेटीस जवाब एकच ठाऊक आहे. वेलांटीबाई शेवटी निघाल्या तर त्यांसही ती आई म्हणते, परीक्षेस आलेल्या भोंगेवाल्यांसही म्हणाली, आणि सुटीच्या दिवशी खासे धनी कुलूप लावावयास मागे राहिले तर त्यांच्याच आवाजात त्यांस सांगते की ये हं आई, सावकाश. मग धनी इकडेतिकडे पाहतात की कोणी ऐकिले तर नाही. कुटुंबाने पुसले की हेही दुरुस्त करावे काय. हुकूम जाहला की बिलकूल करू नये.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. चोर आला नाही, तोटी जागेवर आहे, चार कप आणि सात बश्या सुरक्षित आहेत. हा कागद धन्यांपुढे ठेविला, तो त्यांनी चष्मा लावोन वाचिला, आणि ‘आमचा विजय’ येथे थांबले, आणि वेलांटीबाईंचे लाल पेन मागोन घेतले, आणि ‘आमचा’ खोडोन वर आपल्या हाताने लिहिले: आईचा.