मंत्रीणबाईंचे यजमान उभे राहतात

राज्याच्या राजकारणात वर यायला कर्तृत्व लागते, हा गैरसमज गणिताच्या बाईंनी बरीच वर्षे जपला. शाळेची नोकरी सोडून त्यांनी निवडणूक लढवली, सभांमधून पाणीपुरवठ्याची योजना फळ्यावर सोडवून दाखवली आणि अनामत रक्कम घालवून घरी आल्या.

पुढच्या निवडणुकीआधी त्यांचे यजमान शिडीवरून पडले आणि कमरेखाली लुळे झाले. बाई खचल्या, पण अर्ज भरलेला होता. एका सभेत, यांची कूस बदलायची वेळ झाली म्हणून त्यांनी भाषण अर्ध्यावर सोडले आणि अख्ख्या मंडपाने डोळे पुसले. बाई आमदार झाल्या. आम्हीच केले त्यांना, पोटभर रडून.

पक्षाने या अश्रूंची रीतसर दखल घेतली. यापुढे यजमानांची चाकाची खुर्ची व्यासपीठावर पहिल्या रांगेत असावी, असा ठराव झाला. तिच्यासाठी उतार बांधण्याचे कंत्राट चिटणीसांच्या मेहुण्याला मिळाले. पुढच्या विस्तारात बाई मंत्री झाल्या.

मग डॉक्टरांनी घोळ घातला. पायांत जीव येतोय, नेमाने व्यायाम केला तर चालतील, असे ते म्हणाले. बाई दालनाचे दार लावून आनंदाने रडल्या. चिटणीसांनी कपाळाला हात लावला.

"वहिनी, चांगलंच झालं हो. पण निवडणूक तोंडावर आलीय. व्यायाम जरा पुढे ढकलता येईल का?"

"पुढे ढकलायला ते काय उद्घाटन आहे, भाऊ?"

अखेर तडजोड झाली. व्यायाम घरात, पडदे ओढून करावा. सभेत यजमानांनी पक्षहितार्थ लुळेच राहावे. बिचारे राहिलेही.

शेवटच्या सभेत व्यासपीठाची फळी मोडली आणि बाईंचा तोल गेला. यजमान ताडकन उठले, धावले आणि त्यांनी बाईंना वरच्यावर झेलले.

मंडपात कुणी टाळी वाजवली नाही. "चालतोय की हा," मागून एक आजी म्हणाल्या, "फुकट रडलो आपण." बाई दणकून पडल्या, म्हणजे निवडणुकीत.

आता दोघे संध्याकाळी हातात हात घालून फिरायला जातात. आम्ही गॅलरीतून बघतो आणि तोंड फिरवतो. तशी आपण मंडळी फार कनवाळू. कुणाचे दुःख आपल्याला बघवत नाही. सुख तर मुळीच नाही.