मास्तरांचं अकरावं पान

बायकोच्या दफनाला चार दिवस होते, आणि नायजेरियातल्या इदाहोसा मास्तरांनी जाहीर करून टाकलं, "असं भाषण करीन, की यापुढे बेनिन सिटीत कुणी दफनाला माइक हातात घ्यायला धजणार नाही!"

विषय? 'अप' हा इंग्रजी शब्द!

"पापा, आईच्या दफनाला व्याकरण?" लेक एसोसा कळवळली.

"व्याकरण कुठलं? अगं, तिचा अख्खा जन्म त्या शब्दात बसतो! सगळ्यांआधी वेक अप कोण व्हायचं? बाजारात मासे विकून तुला ब्रिंग अप कुणी केलं? आणि माझ्यासारख्याला एकतीस वर्षं पुट अप..." इथे मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "अकरा पानं झालीत. एक ओळ गाळणार नाही!"

खरं सांगायचं तर दहा पानं नुसता फाफटपसारा होता. जीव होता तो अकराव्या पानात. इस्पितळात शेवटच्या दुपारी त्यांची बायको इसोकेन उशीवरून घसरली होती. कशीबशी म्हणाली, "अप मी." आणि जन्मभर पोरांच्या वह्या तपासलेला हा माणूस काय बोलला? "असं नाही. लिफ्ट मी अप, म्हण!" तिनं शहाण्या मुलीसारखं म्हटलं. मग त्यांनी उचललं. त्यानंतर ती बोललीच नाही. मास्तरांना त्याची माफी मागायची होती, आणि तीही चारचौघांत, कारण तिच्या चुका त्यांनी कायम चारचौघांतच काढल्या होत्या.

दफनाच्या दिवशी रस्त्यातला मांडव गच्च भरला. एकाच छापाच्या निळ्या कापडातले नातेवाईक, ढोल-ट्रंपेटवाले, आणि शवपेटी खांद्यावर घेऊन नाचणारे सहा धिप्पाड गडी. पांढरे हातमोजे, काळे चष्मे!

दुसऱ्याच पानावर मास्तर गरजले, "स्टँड अप!" अर्धा मांडव ताडकन उभा! निम्मी वस्ती त्यांच्याच हाताखालून गेलेली.

"बसा, बसा! उदाहरण होतं ते!"

पाचव्या पानावर "शट अप" आलं आणि रडणाऱ्या बायका चिडीचूप झाल्या. मोठी मेहुणी फणकारली, "आता बहिणीसाठी रडायचंही नाही का, एसोसाचे पापा?"

"तुम्हाला नव्हतं हो ते! रडा, खुशाल रडा!"

आठव्या पानाला पाद्रीबुवा पेंगू लागले. ते सहा गडी मात्र उन्हात घामानं निथळत होते. पेटी उचलायचा हुकूम कधी येतो, याकडे त्यांचे कान लागले होते.

अखेर अकरावं पान आलं. "त्या दुपारी माझी इसोकेन मला म्हणाली... लिफ्ट मी अप!"

झालं! साही जणांनी पेटी खांद्यावर घेतली, ट्रंपेट गरजलं, ढोल घुमला, आणि इसोकेनबाई नाचत नाचत मांडवाबाहेर!

"अरे थांबा! माझं पान राहिलंय!" मास्तर धावले. माइकची वायर पायात आली, चष्मा उडाला, अकरावं पान दोनशे नाचऱ्या पायांखाली गेलं. पाद्रीबुवा दचकून जागे झाले आणि "आमेन" म्हणून मोकळे झाले.

धापा टाकत मास्तरांनी पेटी गाठली. "निदान खांदा तरी देऊ द्या रे!"

गड्यांनी जागा केली. पण ते एकेक ताडमाड, आणि मास्तर जेमतेम त्यांच्या काखेइतके. खांदा पेटीला लागेना. मग हात वर करून, बोटं कशीबशी लाकडाला टेकवून, ते पेटीखालून चालत राहिले. वजन म्हणून काही त्यांच्या वाट्याला आलंच नाही. भाषण तोंडपाठ होतं, पण त्यातला एकही शब्द आठवेना.

"चुकलो गं," ते वर बघून म्हणाले. "तुला काय हवंय ते मला कळलं होतं. तू पहिल्यांदा म्हणालीस तेव्हाच कळलं होतं. तरी मी... चुकलो गं, माफ कर."

एवढ्या ढोलात ते कुणाला ऐकू जाणार? एकाला गेलं. शेजारच्या गड्यानं मान खाली वळवली. काळ्या चष्म्याखालून पाणी ओघळत होतं.

"सर, माफी कसली मागता!" तो नाचता नाचता म्हणाला. "चौथीत होतो मी. सगळ्या वर्गासमोर हसलात मला. फार लागलं होतं, सर. पण मी केव्हाच माफ केलंय तुम्हाला!"

मास्तरांना तो कोण, कुठल्या सालचा, काही आठवेना. 'तुझी नव्हे रे!' अगदी ओठांवर आलं होतं. पण आलेली माफी परत कशी करायची? आणि दुसरी आता कुठून यायची होती?

"उपकार झाले, बाबा," मास्तर म्हणाले, आणि भर रस्त्यात, ट्रंपेटच्या तालावर, हुंदके देत त्याच्याबरोबर चालू लागले.